वायर कशानं सरकली?

— नाही नाही, उठू नका, पडून राहा तुम्ही. मी डॉक्टर नाही, सिस्टर नाही, सुई टोचायला आलेली नाही, आणि पैसे मागायला तर मुळीच आलेली नाही. हे कार्ड बघा गळ्यातलं — फोटो माझाच आहे, तेव्हा केस काळे होते एवढंच. काय लिहिलंय? चष्मा राहू दे, मीच वाचते — बिलिंग विभाग, कोडिंग. म्हणजे प्रत्येक आजाराला, प्रत्येक ऑपरेशनला बिलासाठी एक आकडा ठरलेला असतो, तो लावायचा. तळघरातली माणसं आम्ही. लिफ्टनं पार खाली उतरलात की डाव्या हाताला लाँड्री, उजव्या हाताला आम्ही. ते चादरी धुतात, आम्ही कागद. वर यायची आमच्यावर वेळ येत नाही कधी, म्हणून तुम्ही मला पाहिलं नसेल, आणि मीही तुम्हाला पाहिलेलं नाही. तेव्हा घाबरू नका, माझं एवढंसं काम आहे. एकच प्रश्न. त्याचं उत्तर द्या की ही मी चालले. सर, तुमची वायर सरकली ती कशानं?

सरकली हे माहीतच आहे हो. छातीत यंत्र बसवलं, यंत्राची वायर शिरेतून हृदयात सोडली, टाके पडले, तुम्ही घरी गेलात, आणि घरी जाऊन काहीतरी उद्योग केलात — हो, उद्योगच म्हणायचं त्याला — आणि वायर जागची हलली. काल डॉक्टरांनी ती परत जागेवर नेऊन बसवली. इथपर्यंत सगळं आमच्या आकड्यांत बसतं. जुनीच वायर हलवून बसवली, तर तेहतीस दोनशे पंधरा. नवी वायर घातली असती, तर तेहतीस दोनशे सोळा. एका आकड्याचा फरक, पण तो चुकला ना, की तिकडं विमा कंपनीत बसलेला माणूस कागद परत पाठवतो, मग आमचा साहेब खाली येतो, त्याच्या हातात कागद असतो आणि तोंडावर ते हसू असतं — ते हसू तुम्ही पाहिलेलं नाही म्हणून बरं. पंधरा की सोळा हे मला ठाऊक आहे. पंधरा. तुमचं पंधरा. पण त्याच्या शेजारी एक रकाना असतो, कारणाचा. कशानं झालं? माणूस काय करत होता? आणि डॉक्टर लोक त्यात काय लिहितात, सांगू? 'हात वर नेल्यामुळे.' झालं, संपलं.

अहो, हात वर नेल्यामुळे म्हणजे काय? माणूस हात काय एकाच कामाला वर नेतो? पंख्याची जळमटं काढायला नेतो, कपाटावरची बॅग काढायला नेतो, आळस द्यायला नेतो, देवाला विचारायला नेतो की बाबा रे हे काय चालवलंयस, पोराला फटका द्यायला नेतो आणि मग देत नाही, तो वेगळा. प्रत्येकाला आमच्याकडे वेगळा आकडा. हसताय काय? खोटं वाटतं? सर, आमच्या पुस्तकात पोपट चावला तर त्याला आकडा आहे. बदकानं धडक दिली त्याला आहे. बदक चावलं त्याला निराळा — धडक निराळी, चावा निराळा, दोन्ही एकदम झालं तर दोन्ही लिहायचे. विणकाम करताना काही झालं तर आकडा, झोपेत झालं तर आकडा, अंतराळात जाऊन पडलात तरी आम्ही तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही, तिथंसुद्धा आकडा. ज्यानं कुणी हे पुस्तक लिहिलं ना, त्याच्या घरी त्याचं कुणी ऐकत नसणार. माझं तसंच आहे, म्हणून ओळखते.

बसू का जरा? टेकते. तुमच्या मिसेस कुठं गेल्या? खाली, औषधं आणायला? मग वेळ लागेल त्यांना, त्या खिडकीवरचा माणूस एकेक गोळीची आधी चौकशी करतो, मग देतो. येऊ दे सावकाश.

हं, तर कशानं सरकली?

काय म्हणता — फोन करून विचारलं असतं तरी चाललं असतं? चाललं असतं ना. रोज तेच तर करतो आम्ही, वॉर्डात फोन लावतो, तो वाजत राहतो, कुणी उचलत नाही, आम्ही ठेवतो. म्हटलं आज आपणच जाऊ. कागद? नाही, तुमचा कागद अजून खाली आलेला नाही. येईल की. उद्या येईल, परवा येईल. अहो पण आलेला नसला तरी त्यात काय लिहिलेलं असणार ते मला पाठ आहे, म्हणून आधीच विचारून ठेवलेलं बरं. तुमचं मला कसं कळलं? कळलं आपलं. सकाळी राउंडला डॉक्टरच म्हणाले नाही का, की पलीकडच्या खोलीत एक सर आहेत, सांगून सांगून दमलो तरी हात वर केलाच त्यांनी, तेव्हा तुम्ही तरी — म्हणजे — उडत उडत कानावर आलं हो. दवाखान्यात काय, भिंतींना कान आणि कानांना पाय. तुम्ही विषय नका बदलू. शिक्षक ना तुम्ही? मुलांनी असं प्रश्नाला प्रश्न केलेलं चालायचं का तुम्हाला?

बिस्किट? नको नको, तुम्ही खा. मला नको. चहाही नको. पाणी तर नकोच. अहो, काही नाही, सकाळपासून पोटात काही घ्यायचं नाही असं — असं मीच ठरवलंय, जरा वजनाचं. माझी धाकटी बहीण म्हणते ताई तू वाढलीयस. ती गेलीय खाली कँटीनमध्ये चहा प्यायला. स्वतःचा. मला नाही विचारलं, शहाणी आहे.

कुठं बघताय? पायांकडं? चपला होय. आहेत, इथल्याच आहेत. हिरव्या, कागदासारख्या, हो, तुमच्या पलंगाखाली आहेत तशाच. आमच्या तळघरात फरशी गार असते हो. सगळेच घालतात. साहेबसुद्धा घालतो. बरं, साहेब घालत नाही. सर, तुम्ही ना, वर्गात मागच्या बाकावरच्या पोराच्या खिशात काय आहे ते ओळखणारे मास्तर असणार. आमच्या शाळेत होते एक तसे. मी नावडती होते त्यांची.

तर सांगा ना. मी तुमच्या मिसेसना सांगणार नाही. त्यांना माहीतच आहे? मग मला सांगायला कसली लाज?

कवायत?

थांबा, थांबा. नीट समजून घेऊ दे मला. तुम्ही शाळेत कवायत घ्यायचात. शिट्टी, पांढरे बूट, मैदान — ते सर. आणि आता घरी, खुर्चीत, पाठीला उशी, डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही अशी सक्त ताकीद. तुमचे जुने विद्यार्थी भेटायला आले. टक्कल पडलेले, पोटं सुटलेले, एकाचा तर नातू आहे म्हणता — त्यांनी सफरचंदं आणली, तब्येत विचारली, मग काय बोलायचं ते कुणालाच कळेना. आणि त्यातला एक म्हणाला, सर, एकदा घ्या ना आमची. गंमत म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, उभे राहा. राहिले? सगळे? त्या एवढ्याशा बैठकीत, टीपॉय सरकवून? अरे देवा. आणि तुम्ही खुर्चीतूनच — 'हात वर'.

आणि मुलांच्या आधी तुमचेच गेले.

नाही, हसत नाही मी. हसत नाही. जरा थांबा, हे डोळ्यांतलं पुसते. अहो कसं असतं ना, सगळं आयुष्य 'हात वर' म्हटलं की आधी आपले नेऊन दाखवायचे, त्याशिवाय पोरं करायची नाहीत. तोंडाला ठाऊक होतं मनाई आहे, हातांना कोण सांगणार? माझंच घ्या, घरी भाजी नासली की माझ्या मनात आधी तिचा आकडा येतो, फेकायचं नंतर सुचतं. जित्याची खोड. तुमच्या डॉक्टरांना काय कळणार त्यातलं, ते म्हणतात 'निष्काळजीपणा'. निष्काळजी कसला? काळजीनंच केलंत की तुम्ही. पोरांची उगाच फजिती नको म्हणून.

आणि आमच्या पुस्तकात कवायतीला आकडा आहे बरं का. आहे. पण तो करणाऱ्याला आहे. करवून घेणाऱ्याला आहे का? बघावं लागेल. तुम्ही करत होतात की करवून घेत होतात? दोन्ही? बसलेले होतात, म्हणजे पूर्ण करत नव्हतात. साहेबाला विचारलं तर म्हणेल, काहीतरी लिहा आणि पुढचा कागद घ्या. पण नाही, काहीतरी लिहिणाऱ्यातली मी नाही. खाली मला आकडेबाई म्हणतात. तोंडावर नाही म्हणत.

मग पुढं? वायर सरकली, ते कळलं कसं? लगेच कळलं?

यंत्रानं झटका दिला. अच्छा. वायर हलली म्हणून यंत्राला वाटलं हृदय बेताल पळतंय, आणि त्यानं आपलं काम केलं. बिचाऱ्याची चूक नाही, त्याला जसं ऐकू आलं तसं ते वागलं. तिथंच? सगळ्यांसमोर? बरं. हं. आणि — सर, हे आता आकड्यासाठी नाही विचारत. आहे, थोडंसं आकड्यासाठीच आहे. तो झटका — कसा असतो? म्हणजे दुखतो का? खरं सांगा. मला लहान मुलीसारखं नका सांगू, मुंगी चावते वगैरे. मुंगीलासुद्धा आकडा आहे आमच्याकडे.

शाळेच्या घंटेवर टोला पडतो तसा. आणि घंटा आपणच.

बाप रे.

पण एकच टोला? आणि मग संपलं? लगेच संपलं? आणि नंतर छाती — नंतर कसं वाटतं, म्हणजे माणूस नंतर पहिल्यांदा काय करतो? तुम्ही काय केलंत? ती पोरं — पोरं म्हणते मी, आजोबा ते — हात वर करून तशीच उभी? घाबरून? कुणाला काही सुचेना, आणि तुम्ही खुर्चीत, घाम आलेला, आणि तुम्ही म्हणालात 'विश्राम'.

विश्राम म्हणालात.

नाही, आता खरंच हसते. हसू द्या. दोन दिवसांत पहिल्यांदा हसतेय मी, माझ्या बहिणीला सांगितलं तर तिचा विश्वास बसायचा नाही. विश्राम. सर, तुमच्यापुढं हात जोडले. हे बघा, दोन्ही. मला येतात जोडता अजून.

पट्टा? कुठला पट्टा?

हा. हा होय. स्वेटरची बाही वर गेली वाटतं हात जोडताना. हा आपला — कर्मचाऱ्यांना देतात, आत-बाहेर करायला. नाही देत? तुमच्याही हाताला अस्साच आहे. हो, आहे खरा. नाव, वय, खोली, सगळं छापलंय त्यावर, मी तरी काय डोळ्यांत धूळ फेकतेय तुमच्या. वाचू नका. वाचलंत? चष्मा नाही ना डोळ्यांवर, मग कसं काय — जवळचं दिसतं. दूरचं दिसत नाही, जवळचं दिसतं. ते वय छापताना चुकलंय त्यांचं, दोनानं जास्त आहे.

बरं. तर तसं आहे.

मी एकोणपन्नास आहे, सर. वयानं नाही हो — वय सोडा, म्हटलं ना चुकलंय. आकडा. तेहतीस दोनशे एकोणपन्नास. नवं यंत्र, नव्या वायरी, पहिल्यांदा. आज जेवणानंतर. म्हणजे त्यांच्या जेवणानंतर, मला कुठलं जेवण. त्या कोपऱ्यातली शेवटची खोली माझी. हे कार्ड मी सकाळी घरून येताना मुद्दाम गळ्यात घालून आले, बहीण म्हणाली कशाला, म्हटलं असू दे, ओळखीच्या जागी ओळखपत्र असावं. पेशंट म्हणून आले तर रिकाम्या गळ्यानं कशी येऊ मी इथं? वाटलं, हे गळ्यात असलं की ते मला वेगळी समजतील. वेगळी म्हणजे काय कोण जाणे. सिस्टरनं गाऊन दिला आणि म्हणाली, कार्ड काढा, दागिने काढा. मी दागिने काढले.

कसं कळलं म्हणता? जागेवरच कळलं. खाली, टेबलाशी. तुमच्यासारखाच एक पंधरा लिहीत होते आणि मला वाटलं दिवे गेले. दिवे नव्हते गेले, मीच गेले होते — की-बोर्डवर कपाळ. शेजारच्या टेबलावरची म्हणाली, मला वाटलं डोळा लागला तुमचा. माझा डोळा लागतो का कधी कामावर? पडद्यावर सगळे शून्य, रांगेनं, कपाळानं टाइप केलेले. मग ते पट्ट्या लावणं, रात्रंदिवस ठोके मोजणं, आणि मग डॉक्टर म्हणाले की तुमचं हृदय मधूनच असं काही पळतं की एखाद्या दिवशी ते परत फिरणार नाही. यंत्र बसवा. मी म्हटलं बघू. ते म्हणाले बघू नका, बसवा.

आणि मी, सर, हे आकडे लिहीत आले इतकी वर्षं. जेवणाचा डबा उघडायच्या आधी चार-चार एकोणपन्नास हातावेगळे करायचे, आणि डबा खाल्ला की आणखी. मला या यंत्राचं सगळं ठाऊक आहे — किती वायरी, कुठल्या शिरेतून, कुठल्या कप्प्यात, काय केलं म्हणजे कुठला आकडा. विचारा, झोपेत सांगेन. पण ते दिसतं कसं ते मला ठाऊक नव्हतं. कातडीखाली. ज्याला बसवलंय असा एक माणूस मी डोळ्यांनी पाहिला नव्हता आजवर. हसू येईल तुम्हाला. आणि त्या एकोणपन्नासांतल्या एकाला तरी आदल्या रात्री झोप लागली असेल का, हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याला रकाना नाही ना. मला मात्र नाही लागली. मला भीती वाटते हो, सर. खूप वाटते. बहिणीला सांगायची सोय नाही, ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय, चहा प्यायच्या नावाखाली खाली जाऊन रडून येते आणि मला वाटतं कँटीनचा चहा इतका वाईट कसा.

दाखवता? खरंच? नको नको, टाके ताजे आहेत, उगाच — बरं, नुसती पट्टी बाजूला. एवढंच? हे एवढंच? काडेपेटी ठेवलीय वरच्या खिशात असं वाटतं. मला वाटलं होतं — काय वाटलं होतं कोण जाणे. आणि झोपता येतं या कुशीवर? काही दिवसांनी येतं. बरं. झाका, झाका, गार वारा लागेल.

ही पर्स? खांद्याला आहे ती? ती आहे आपली. बायका घेतात पर्स, त्यात काय. गाऊनवर पर्स आणि स्वेटर, हो, विचित्रच दिसतं, मान्य. कुठं निघाले होते? कुठं म्हणजे काय. तुमच्याकडं. आकडा विचारायला.

तुम्ही असं बघू नका बरं का माझ्याकडं.

लिफ्टकडे निघाले होते. बहीण खाली गेली, सिस्टर दुसरीकडं गुंतलेली, म्हटलं हीच वेळ. पर्स घेतली, चपला मिळेनात म्हणून ह्या हिरव्याच चढवल्या. तळघरात जायचं, आपल्या टेबलाशी बसायचं, एखादा कागद ओढायचा. आणि मग मागच्या दारानं घरी. बघू पुढच्या महिन्यात. तुमच्या खोलीवरून जाताना तुम्ही दिसलात डावा हात गळ्यात बांधून पडलेले, आणि पाय आपोआप आत वळले. वाटलं, जाता जाता एवढं विचारून जाऊ, हे एवढं काम तरी नीट होईल.

सल्ला डावलून पेशंट निघून गेला — त्याला आकडा आहे का? आहे ना. त्यालाही आहे. लिहिलाय मी. पुष्कळदा. काही वाटायचं नाही लिहिताना, म्हणायचे, गेला वाटतं कंटाळून.

आमच्यात आधी कुणाला होतं का, असं? हेच तर डॉक्टरांनीही विचारलं. घराण्यात आहे म्हणाले. मोठा भाऊ होता मला. दादा. मला सायकल शिकवली त्यानं, मागून धरतो म्हणायचा आणि धरायचाच नाही, आणि मी पुढं जाऊन पडले की टाळ्या वाजवायचा. असाच एकदा चक्कर येऊन पडला, असंच तपासलं, दुसऱ्या गावच्या दवाखान्यात, असंच म्हणाले बसवून घ्या. तोही म्हणाला, बघू. आमच्या घरात सगळेच म्हणतात बघू.

बसवलं का त्यानं?

नाही.

नाही बसवलं. भरती झाला होता, गाऊन घातला होता, सगळं झालं होतं, वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. तो लिफ्टनं खाली गेला. घरी गेला, त्या दिवशी मस्त जेवला, मला फोन करून सांगितलं, चकवलं त्यांना. आणि मी हसले, सर. म्हटलं, शाबास. आणि मग पाच-सहा महिन्यांनी जिना चढताना —

हं.

त्याच्या त्या वेळच्या कागदावर कुणीतरी तो आकडा टाकला असेल. माझ्यासारख्याच कुणी बाईनं, डब्याच्या आधी. आणि पुढचा कागद घेतला असेल.

नाही, पाणी चालणार नाही मला, विसरलात का. बरी आहे मी. रुमाल आहे, पर्समध्ये आहे. बघा, पर्सचा काहीतरी उपयोग झाला.

काय म्हणालात?

सावधान?

अहो, सर, हे काय — बघा, उभी राहिले की मी ताठ. टाचा जुळल्या आपोआप. ह्या कागदी चपलांत सुद्धा. शाळा सुटून किती वर्षं झाली, आणि — तुम्ही आवाज चढवायचा नाही अजून, टाके ताणतील. हळू. हळू द्या आज्ञा, मला ऐकू येतं. दार कुठं आहे ते माहीत आहे मला. दाराबाहेर उजव्या हाताला लिफ्ट. डाव्या हाताला माझी खोली.

डावीकडं वळ.

हो.

वळते की. वळते म्हटलं ना, जरा दम धरा, म्हातारी बाई आहे, एकदम नाही वळता येत. सर, तो टोला एकच असतो ना? आणि सगळ्यांनाच बसतो असं नाही? काहींना कधीच बसत नाही? ह्याचा हिशेब आमच्याकडे नाही, म्हणून विचारते. बरं. आणि बसलाच, तर विश्राम म्हणायचं. ठेवते लक्षात.

ऐकलंत? सिस्टर ओरडतेय कॉरिडॉरमध्ये, शेवटच्या खोलीतल्या बाई कुठं गेल्या म्हणून. मीच ती बाई. आणि तिच्या मागं तो आवाज बहिणीचा, आता ती सगळा मजला गोळा करील. आले हो, आले, इथंच आहे, कामाला आले होते. हो, गाऊनमध्येच. हो, कार्ड काढते. हे घ्या काढलं. नाही, तुम्हाला नाही देत सिस्टर, तुम्ही हरवून टाकाल. सर, हे तुमच्या उशीखाली ठेवा, उद्या परवा मी चालायला लागले की येऊन घेऊन जाईन. येईनच, न येऊन सांगते कुणाला. शिवाय तुमचा कागद मीच लिहिणार आहे, शेजारच्या टेबलावरच्या बाईला हात लावू देणार नाही, ती बदक लिहून मोकळी होईल. पंधरा, आणि कारण कवायत. करत होतात असंच लिहीन. माझं मी बघते साहेबाचं.

मिसेसना नमस्कार सांगा. पडून राहा. आणि हे काय करताय — डावा सोडवून टाटा कसला करताय मला, उजवा आहे ना धडधाकट — आले हो सिस्टर, वळले ना मी डावीकडं, चाललेच आहे — सर, तो हात. हात खाली, सर. हात खाली.